बाबांचं मूळ गाव

बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेचा मजकूर लिहायला मी बसले. देवीदास, वय नव्व्याण्णव. तरुणपणी, महायुद्धात, मालवाहू जहाजावर भट्टीत कोळसा टाकायचे. पुढे भिलाईच्या कारखान्यात सव्वीस वर्षं. मूळ गाव… इथे पेन थांबलं. बाबा नेहमी म्हणायचे, "माझं गाव कलकत्ता." पण कलकत्त्याला तर ते पळून गेले होते.

"आई, मूळ गाव काय लिहू?"

आई बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत होती. "काहीच नको लिहू."

"अगं, लोक विचारतील."

"सुजाता, त्या गावात त्याइची बायको होती."

मला ते नीट कळेपर्यंत तिची पुढच्या शर्टाची घडी घालून झाली होती. साठ वर्षांची मी, आणि हे आज ऐकत होते. मग ती सांगत गेली, आणि मी मध्ये बोलायचं विसरून गेले.

सन अठ्ठावन्न. कारखाना उभा राहत होता, आणि कामगारांच्या वस्तीत, कॅम्प-१ मध्ये, नुसती धूळ. आई तेव्हा चोवीस वर्षांची सिंधू. आईविना चार भावंडं वाढवता वाढवता लग्नाचं राहून गेलेलं. एका सकाळी तिची बादली दोरी सुटून विहिरीत पडली. मागून एक उंच, सावळा माणूस आला, गळ टाकून त्याने बादली वर काढली आणि दोरी बांधून दिली. वाऱ्याने तिचा पदर त्याच्या हातावर गेला, तर त्याने तो हात तसाच ठेवला… जरासा जास्त वेळ.

"जहाजावरची गाठ आहे," तो म्हणाला. "आता सुटाची नाई."

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच्यासमोर उभी. "तुमची गाठ सुटली!"

त्याने दोरी उलटसुलट पाहिली. "ही आपोआप सुटत नाई, बाई. कोनीतरी दातानं सोडली."

"उंदीर असतीन."

"मोठा हुशार उंदीर हाय. सूतबी तुटू देल्लं नाई."

ती हसली, तोही हसला. उंदीर आठवड्यातून दोनदा येऊ लागला.

एका संध्याकाळी त्याने थेट घरी येऊन मागणी घातली. सिंधूचे वडील पंजाबराव गवंडी होते. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि सगळे विचारतात तेच विचारलं, "गाव कोनतं? सोयरे कोन?"

देवीदासने चहाचा कप खाली ठेवला. पंजाबरावांनी पुन्हा विचारलं. तो उठला, हात जोडले आणि निघून गेला.

"गाव न सांगनाऱ्या मानसाले मी पोरगी देत नसतो," पंजाबराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर सिंधूने त्याला गाठलं. "कावून नाई सांगितलं? मले सांगा."

तो विहिरीच्या कठड्यावर टेकला. मग बोलला. गावाचं नाव तिला एकटीला सांगितलं. ते गोंदियाजवळच होतं; तिथे त्याचं लग्न झालेलं होतं. अठराव्या वर्षी तो जहाजावर गेला. जहाज बुडवलं गेलं. कोणी वाचलं नाही, अशी तार गावी पोचली. हा आठ दिवस फळीवर तरंगला, परक्या बंदरात तीन वर्षं अडकला. लिहिता येत नव्हतं. युद्ध संपल्यावर गावाच्या वेशीपर्यंत आला, तर बायकोच्या कडेवर मूल. घरच्यांनी तिचा दुसऱ्याशी पाट लावून दिलेला.

"मी दिसलो असतो तं तिचा संसार मोडला असता," तो म्हणाला. "म्हनून मेलेलाच राह्यलो. आता गावाचं नाव सांगितलं, तं तुह्या बापाचा मानूस चौकशीले जाईन…"

"अन् तिचं मन अजून तुमच्यात असन तं?"

"तं मी तुले विचाराले नको होतं."

सिंधूने घागर उचलली. "गोंदियाले मामा आहे माझा. उद्या जातो मी. तिले पाहून येतो."

"सिंधू —"

"सवत पाहाले निघाली म्हना!" ती म्हणाली. पण वळताना घागर निम्मी सांडली.

तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीतून ती दुर्गला उतरली, तेव्हा तो फलाटावर होता. कोणत्या गाडीने येणार ते माहीत नव्हतं, म्हणून पहाटेपासून सगळ्या गाड्या बघत उभा.

"दिसली?"

"दिसली. तीन लेकरं हायेत. सुखात आहे."

"काई बोलली?"

"पानी देल्लं प्याले."

त्याने डोळे मिटले. फलाटावर, एवढ्या माणसांत, त्याने तिचा हात धरला… आणि मग घाबरून सोडला. तिनेच पुन्हा धरला.

घरी येऊन ती वडिलांसमोर उभी राहिली. "बाबा, दीक्षा घेतली तवा तेहतीस कोटी देव सोडले तुम्ही. अन् एक गाव नाई सोडवत?"

पंजाबरावांनी हातातली थापी धुवून ठेवली. मग म्हणाले, "भंतेजीले विचार, रविवारी मोकळे हायेत का."

आईने शेवटचा शर्ट ठेवला. मला वाटलं, संपलं.

"तिनं फक्त पानीच नव्हतं देल्लं," आई म्हणाली. "मी सांगितलं होतं, देवीदाससंगं जहाजावर होता त्या मानसानं धाडलं, घरच्याइची खुशाली विचाराले. ती माह्याकडे पाहत राह्यली. निघताना हळूच विचारलं, 'झोपेत अजून दात खाते का तो?'"

मी विचारलं, "मग?"

"मले काय माहीत, तवा लग्न कुठं झालं होतं! पन मी लाजली. अन् तिले समजलं का हे जित्ते हायेत. आत गेली, तांदूळ आनले, माही ओटी भरली. लेकरू रडत होतं तिचं, त्याले घ्याले वळली ते परत पाह्यलं नाई तिनं."

"हे बाबांना कधीच सांगितलं नाहीस? पासष्ट वर्षांत?"

आईने नकारार्थी मान हलवली.

"का गं? सांगितलं असतं तर ते काय तिच्याकडे गेले असते?"

"मालूम नाई," आई म्हणाली. "म्हनूनच नाई सांगितलं."