नऊ मीटरवरचा दाब

टेकडीच्या पोटात नऊ मीटर खोल बोअर मारून झाला होता. आता त्यात रबरी पिशवी सोडायची, पाण्याने फुगवायची आणि भोवतालची माती किती रेटा सोसते ते पाहायचं. नेहमीचंच काम. पण इंजिनीअरबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. पायथ्याशी, टेकडीला पाठ टेकून बसल्यासारखं, धाकट्या बहिणीचं घर होतं. माती कच्ची निघाली तर ते रिकामं करावं लागणार होतं.

पहिला दाब दिला. पिशवीला जोडलेल्या काचेच्या नळीतलं पाणी उतरलं आणि थांबायचं सोडून पुन्हा चढलं. उतरलं. चढलं.

"झडप गळतेय, मामा."

ड्रिलिंगवाले मामा म्हणजे या मशीनवर हयात घालवलेला माणूस. त्यांनी झडप बदलली. नळीही बदलली. पिशवी वर काढून लोखंडी पाइपात फुगवून पाहिली, तर पाणी कसं गुपचूप उभं! खाली सोडली की पुन्हा तेच. बाईंचा भरवसा मोजता येईल तेवढ्यावरच, म्हणून त्यांनी घड्याळ लावलं. मिनिटाला चौदा वेळा.

"राहू द्या की, मॅडम," मामा हळूच म्हणाले. "झोपलंय बिचारं."

"तुमचं आपलं काहीतरीच!" बाई हसल्या खऱ्या, पण नजर नळीवरून हलेना. चाचणी अर्धवट सोडावी असं फार वाटलं. पण माती पुरती दबेपर्यंत रेटा दिल्याशिवाय उत्तर कसं मिळणार? आणि बहीण उत्तराची वाट बघत बसली होती. त्यांनी मन घट्ट केलं आणि दाब वाढवला. आणखी वाढवला.

पाणी थांबलं.

एक मिनिट. पाच मिनिटं. केसभरही हललं नाही. इतकी घट्ट माती बाईंनी उभ्या आयुष्यात मोजली नव्हती. अहवालात 'सुरक्षित' लिहायला काहीच हरकत नव्हती.

मामांनी मशीन बंद केलं. "झोपेत कुणी श्वास रोखून धरतं का हो?"

बाईंनी घाईघाईने मोबाइल काढला. त्यांनी बहिणीला फोन लावला.

"पोरीला घे आणि घराबाहेर पड. आत्ताच्या आत्ता."

"अगंबाई! टेकडी कच्ची निघाली का, ताई?"

"नाही गं, पक्की आहे. तू आधी निघ."

"निघते, पण ही हलेल तर ना! केव्हाची मागच्या भिंतीला कान लावून बसलीये. हाक मारली की ओठांवर बोट ठेवते." बहिणीचा आवाज एकदम खाली आला. "म्हणते, आई, हळू बोल. ते ऐकतंय."