ताणावरची बाग

उत्तमरावांनी लिहिणं सोडलं नव्हतं; लिहिण्यानं उत्तमरावांना सोडलं होतं. अमरावतीला अंबापेठेतल्या घरी ते रोज जेवणानंतर दौत-टाक घेऊन बसत आणि चहाच्या वेळेपर्यंत दौतीतली शाई थोडी वाळत असे, एवढीच काय ती प्रगती. एके काळी त्यांचे विनोदी लेख वाचून नागपूरच्या कौन्सिलातले मेंबर घाम पुसत. आता साप्ताहिकाचे संपादक रस्त्यात भेटले की तब्येतीची चौकशी करत, आणि तीही मर्तिकाला आल्यासारख्या आवाजात.

शेवटी माणिकबाईंनीच विषय काढला. "अकोल्याले शेषरावभाऊजींकडे तुमची एक कादंबरी पडून आहे ना? घेऊन या तिले. फाटलं लुगडं कोणी फेकून देते काय? दांड घालून जोडून नेसतात."

लुगड्याच्या पंगतीला बसवलेलं उत्तमरावांना रुचलं नाही. पण संक्रांत झाली, तिळगूळ संपला, आणि ते अकोल्याला गेले.

शेषराव म्हणजे कॉलेजातला मित्र, आता छापखान्याचा मालक. कापसाच्या भावपत्रकांच्या गठ्ठ्यांखालून त्यानं कादंबरीचं बाड ओढून काढलं आणि धूळ मुद्दाम उत्तमरावांच्याच अंगावर झटकली.

"आठव्या प्रकरणात तुहा नत्थूजी माळी बागेचं पाणी तोडते, झाडं ताणावर धरते, आन तूच बेपत्ता! बहार कवा यावा लेका?"

संत्र्याला असं तहानेलं ठेवावंच लागतं. पानं मलूल होऊन गळायला लागली की मग पाणी सोडायचं. झाड जिवाच्या धसक्यानं फुलून येतं. ताण किती द्यायचा, यातच सगळी माळ्याची कला.

"पुढचं ठरलेलं आहे," उत्तमराव म्हणाले. "नत्थूजी पाणी सोडतो. जमिनीच्या भेगेत साप आहे, ते मी आधीच लिहून ठेवलंय. पाणी शिरल्यावर तो बाहेर येतो आणि नत्थूजीला चावतो. मग तेराव्याच्या पंगतीतच बागेवरून भाऊबंदांची मारामारी. खरा विनोद तिथून पुढं."

"माणूस मरते आन तुले हसू येते! बरं, बाग लावली कुठी? मूर्तिजापूरच्या अलीकडे! पाणी खारं तिथलं. तिथं संत्रं नाही होत बाप्पा, मीठ होते."

हेच वाक्य शेषराव बाड पहिल्यांदा वाचलं तेव्हाही बोलला होता, आणि छापखान्यातली चार माणसं हसली होती. कादंबरी बंद पडली ती त्या हसण्यावर. लोकांना हसवणाऱ्या माणसाला स्वतःवर हसलेलं सोसत नाही. उत्तमरावांनी हे कुठं लिहिलं मात्र नव्हतं.

परतीची गाडी दुपारची होती. बाड मांडीवर घेऊन उत्तमराव पेंगत होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे सिग्नल मिळेना, गाडी थांबली. बाहेर तुरीची शेतं, हरभरा, पांढुरक्या खारट मातीचे पट्टे. आणि त्यांच्या मधोमध संत्र्याची बाग.

डब्यात कोणी मान वळवून पाहिलं नाही. उत्तमराव खाली उतरले. आपण उतरलो हे त्यांना शेताच्या धुऱ्यावर पोचल्यावर कळलं.

बाभळीच्या काट्यांचं फाटक होतं. डाव्या बाजूनं मोडलेलं. तसंच त्यांनी लिहिलं होतं. पानं वळून खाली लोंबत होती. सूर्य मावळतीकडे झुकला होता, तरी झाडांच्या सावल्या पश्चिमेलाच पडल्या होत्या. आठवं प्रकरण सकाळचं होतं. विहिरीवर मोटेला बैल जुंपलेले होते. त्यांच्या शेपट्या हलत नव्हत्या. शेपट्यांबद्दल उत्तमरावांनी काही लिहिलंच नव्हतं.

विहिरीच्या काठावर बसलेला माणूस उठला.

"या मालक. लय दिवस लावले."

"मला ओळखता?"

"पाणी तोड म्हणणारा माणूस इसरतो काय कोणी?" नत्थूजी हसला. त्याचे ओठ उलले होते. "आता सोड म्हणा. झाडं कवाची उभी हायेत. आमी बी."

उत्तमरावांनी खाली पाहिलं. पायाजवळ काळ्या मातीत तळहाताएवढी रुंद भेग होती. आत काहीतरी संथ वळलं.

झोपडीतून नत्थूजीची बायको वच्छला पाण्याचा लोटा घेऊन आली. लोटा कोरडा होता. दिलेल्याचा मान म्हणून उत्तमरावांनी तो तोंडाला लावला.

"हे विचारून राह्यले, अन् तुमी त्यांच्या तोंडाकडे कावून नाही पाहून राह्यले?" ती हळूच म्हणाली.

उत्तमरावांनी पुन्हा भेगेकडे पाहिलं.

"मंग नका सोडू पाणी. तहानेनं अठी कोणी मरत नाही."

"तू गप वं!" नत्थूजी ओरडला. "उभं राहणं म्हंजे जगणं हाय काय? सोडा मालक."

"सोडतो," उत्तमराव म्हणाले. आवाज त्यांना दुसऱ्या कोणाचा वाटला. "उद्याच सोडतो. तो साप मी काढून टाकीन."

वच्छलेनं भेगेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काढून कुठी टाकसान?"

तिकडे इंजिनानं शिट्टी दिली.

दुसऱ्या दिवशी घरी जेवण झाल्यावर ते लिहायला बसले आणि टाक थांबेना. मोट करकरली. बैलांच्या शेपट्या हलल्या. पाणी पाटातून धावत झाडांच्या आळ्यांत शिरलं. नत्थूजी भेग ओलांडून घराकडे गेला, अंगणात बसून लोटाभर पाणी प्याला, आणि वच्छलेनं त्याच्या पाठीवरची माती झटकली. साप कुठेच आला नाही. खोडायचा नाही, नावही घ्यायचं नाही. जुनी ओळ जिथं होती तिथं राहू द्यायची, अशी त्यांनी स्वतःपुरती युक्ती केली होती.

विनोद एकही झाला नाही. उत्तमरावांना त्याचं काही वाटलं नाही.

खोलीत संत्र्याच्या फुलांचा वास भरला. खिडक्या बंद होत्या.

बऱ्याच काळानं डोळे पुसत त्यांनी मागची पानं चाळली. स्वतःचं लिहिलेलं आवडावं, असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

भेगेची ओळ होती.

तिच्याखालची, सापाची, नव्हती.

खोडलेली नव्हती. खरवडलेलीही नव्हती. कागद तिथं नुसता कोरा होता, ओळीएवढा, किंचित वळणदार.

"अहो, आयकलं काय?" अंगणातून माणिकबाईंचा आवाज आला. "ही भेग कवा पडली इथं? कालच तं सारवलं मी."

उत्तमराव उठले.

"कळशीभर ओतलं मी, तरी भरून नाही राह्यली. कुठं जाऊन राह्यलं एवढं पाणी? या बरं, पाहा."

त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. घसा कोरडा होता.

बाहेर माणिकबाईंनी दुसरी कळशी कलती केली.