बारावी बाटली

ही गोष्ट ऐकीव नाही. जिच्यासोबत घडली ती माझी सख्खी मावशी आहे, आणि मावशीने आयुष्यात कधी कुणाला घाबरवायला गोष्ट सांगितलेली नाही. तिला तेवढा वेळच नसायचा. मला तिने हे यंदा सांगितलं, रिटायर झाल्यावर, भाजी निवडता निवडता. मान वर न करता.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांना आधीच सांगून ठेवतो... हे सगळं भर दुपारी घडलं. शुक्रवारी आणि शनिवारी. दोन्ही दिवशी तीन वाजता.

मावशी एका प्रयोगशाळेत काम करायची. तिथे डिझेल इंजिनांचं तेल तपासतात. डॉक्टर रक्त तपासतो ना, तसंच. ट्रक, बोटी, जनरेटर, सगळीकडून छोट्या छोट्या बाटल्या यायच्या. काळं तेल. मावशी ते यंत्रात घालायची आणि आकडे वाचायची. शिसं वाढलं, म्हणजे बेअरिंग झिजतंय. माती आली, म्हणजे हवेचा फिल्टर फाटला. पाणी आलं, म्हणजे कुठेतरी चीर पडली. इंजिन न उघडता ती त्याच्या पोटातलं सांगायची. घरात तिला सगळे तेलवाली म्हणायचे. काकांचा चेहरा बघूनही ती सांगायची, "आज फिल्टर चोंदलाय, बोलू नका त्यांच्याशी."

गावाबाहेर डोंगरात बोगद्याचं काम चालू होतं. आत रुळांवर एक छोटं डिझेल इंजिन चालायचं, खोदलेली दगडमाती बाहेर ओढायला. त्याच्या ड्रायव्हरला सगळे लांब्या म्हणायचे. मावशीने त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण सहा वर्षं तो स्वतःच्या हाताने तेल काढून, बाटलीवर चिठ्ठी चिकटवून पाठवायचा. चिठ्ठीवर इंजिनाचा नंबर, चाललेले तास, तारीख, आणि खाली कायम काहीतरी वात्रट.

"माझ्या म्हशीचं दूध. पाणी निघालं तर मी घातलेलं नाही."

मग दोन दिवसांनी फोन. "ताई, म्हैस काय म्हणतेय?"

"म्हैस बरी आहे. मालकाला म्हणावं, तेल वेळेवर बदल."

एवढंच बोलणं. पण सहा वर्षांत माणूस ओळखीचा होतो.

त्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी त्याची बाटली आली होती, दिवसाचं काम संपवून काढलेली. तास ८,३३०. सगळं ठीक.

मंगळवारी पहाटे पाचला त्याने इंजिन सुरू केलं. आत गेला. सोबत दोन मजूर होते.

साडेसहाला बोगदा बसला.

तिघं आत अडकले. खणणं सुरू झालं. ढिगाऱ्यातून एक पाइप आत सारला, हवा सोडायला. त्यातून हाका मारल्या. उत्तर नाही. बुधवार गेला. गुरुवार गेला. मावशी सांगते, त्या दिवसांत प्रयोगशाळेत कुणी मोठ्याने हसलं नाही.

शुक्रवारी दुपारी कुरिअर आलं. यादीत अकरा बाटल्या होत्या. मावशीने ट्रे मोजला.

बारा.

पुन्हा मोजला...

बारा.

शेवटची बाटली तिने उचलली आणि पटकन खाली ठेवली. बाटली गरम होती. आत्ताच चालत्या इंजिनातून तेल काढावं, तशी.

चिठ्ठीवर लांब्याचं अक्षर. त्याच्या इंजिनाचा नंबर. तारीख... त्याच दिवसाची.

खाली वात्रटपणा काही नव्हता. दोनच शब्द होते.

"लवकर सांगा."

मावशी खुर्चीवर बसली. घड्याळात तीन वाजले होते. मग तिची नजर तासांच्या आकड्यावर गेली. ८,४१२. सोमवारपेक्षा ब्याऐंशी जास्त. तिने बोटांवर मोजलं. मंगळवारी पहाटे पाच ते शुक्रवारी दुपारी तीन.

बरोब्बर ब्याऐंशी तास.

म्हणजे इंजिन मंगळवारपासून बंदच झालं नव्हतं.

आणि त्या इंजिनाची टाकी भरलेली असली तरी चौदा तासांच्या वर पुरत नाही. हे मावशीला माहीत होतं.

तिने तेल यंत्राला लावलं. दोन थेंब टेबलावर सांडले. आकडे आले. तांबं थोडंसं, सहा वर्षं यायचं तेवढंच. प्रत्येक इंजिनाच्या तेलाची एक चाल असते, ती लपत नाही. हे लांब्याचंच इंजिन होतं. शिसं ठीक होतं. पाणी नव्हतं.

पण काजळी... एवढी काजळी तिने उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. तेलात अर्धवट जळलेलं डिझेल उतरलं होतं.

याचा अर्थ एकच होतो. इंजिन धडधाकट आहे. फक्त त्याला श्वास पुरत नाहीये.

ती तशीच साहेबांकडे गेली. साहेबांनी बाटली फिरवून फिरवून पाहिली.

"जुनी असेल हो. कुठेतरी मागे राहिली असेल."

"साहेब, गरम आहे."

"खिडकीत ऊन येतंय."

"खिडकी माझ्या पाठीमागे आहे, साहेब. आणि तारीख?"

साहेबांनी बाटली टेबलावर ठेवली आणि रुमालाने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

मावशीने बोगद्याच्या इंजिनिअरला फोन लावला. तो तीन दिवस झोपला नसावा.

"मॅडम, आत इंजिन चालू असतं तर पाइपातून धूर आला असता. काही नाही तिथे. आम्ही उद्यापासून खणणं सावकाश करतोय, बाहेरची माणसं गमवायची नाहीत मला." मग थोडं थांबून, हळू आवाजात... "फक्त तो पाइप थरथरतो. का ते कळत नाही."

आणि फोन ठेवला.

शनिवारी मावशी स्वतः गेली. काकांना बाजारात जाते म्हणून सांगितलं.

बोगद्याच्या तोंडाशी माणसं बसून होती. नातेवाईक. आत दिवे होते, ओल होती, आणि ढिगाऱ्यातून बाहेर आलेला तो पाइप. त्याच्याशेजारी ड्रिल चालवणारा एक म्हातारा मिस्त्री बसला होता. मावशीने आपण कोण ते सांगितलं. त्याने मान डोलावली. जणू तो तिचीच वाट बघत होता.

"हात लावा," तो म्हणाला.

तिने पाइपाला हात लावला. बारीक थरथर. एका लयीत.

"हवेच्या पंपामुळे असेल," मावशी म्हणाली.

"मीही पहिल्यांदा तेच म्हटलं. पंप बंद केला तरी थांबत नाही. कुणाला सांगितलं तर म्हणतात, म्हाताऱ्याचे कान गेले."

"मला ऐकायचंय," मावशी म्हणाली. "दोन मिनिटं पंप बंद कराल का?"

हे वाक्य सांगताना मावशीच्या हातातली भाजीची काडी तशीच राहिली.

मिस्त्रीने पंप बंद केला. हवेचा आवाज थांबला. मावशीने पाइपाला कान लावला.

आधी काहीच नाही...

मग खूप लांबून... धडधड धडधड.

इंजिन. मंद चालीवर सोडलेलं. माणूस सीटवर वाट बघत बसला असताना चालतं, तसं.

मावशीने मिस्त्रीकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. त्यालाही ऐकू येत होतं.

ती पाइपात ओरडली, "लांब्या!"

सहा वर्षांत तिने त्याला कधी हाक मारली नव्हती.

आतलं इंजिन अडखळलं.

एक ठोका चुकला. मग दुसरा. जड झालं. गुदमरल्यासारखं झालं...

"हवा! हवा सोडा!" मावशी किंचाळली.

मिस्त्रीने धावत जाऊन पंप सुरू केला. पण तेवढ्यात ते थांबलं होतं. आणि पंपाची हवा पाइपात भरायच्या आधीच्या त्या एका क्षणात मावशीला अजून एक आवाज आला.

सीटची स्प्रिंग करकरली. बसलेला माणूस उठला की करकरते, तशी.

नंतर हवाच हवा. पाइपाला हात लावला, तर तो गार आणि स्थिर होता.

मिस्त्रीने घड्याळ पाहिलं. तीन वाजले होते.

तो धावत इंजिनिअरला घेऊन आला. पाइपातून माइक आत सोडला. पुन्हा पुन्हा पंप बंद करून ऐकलं. आतून काहीच आलं नाही. त्यानंतर कधीच आलं नाही.

पुढच्या गुरुवारी माणसं आत पोहोचली.

तिघंही गेले होते. डॉक्टरांनी लिहून दिलं, मंगळवारीच, बोगदा बसला त्याच क्षणी. इंजिनावर भलामोठा दगड पडला होता. केबिन चपटी झाली होती. खालची तेलाची टाकी फुटून सगळं तेल मातीत मुरलं होतं. ते इंजिन त्यानंतर एक मिनिटही चालणं शक्य नव्हतं.

मावशीला वाटलं, सुटले. भास होता म्हणायचं आणि पुढे जायचं.

पण महिनाभराने तो मिस्त्री प्रयोगशाळेत आला. चहाही घेतला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, कागदावर लिहिलंय, तासांचा मीटर वाचता आला नाही. मी होतो तिथे. काच फुटली होती, पण आकडा स्वच्छ दिसत होता."

"किती?"

"आठ हजार चारशे छत्तीस."

शुक्रवारी तीन वाजता ८,४१२. त्यात चोवीस मिळवा.

मावशीने मिळवले. मिस्त्रीनेही मिळवले असणार, कारण तो तिच्याकडे बघत नव्हता.

"पंप मी बंद केला," तो म्हणाला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि निघून गेला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पावसाळा संपल्यावर एक दिवस लांब्याची बायको आली. त्याच्या कपाटात सहा वर्षांचे अहवाल नीट फाईल करून ठेवलेले होते, त्यावर मावशीचं नाव होतं. म्हणून आली. अंगाने लहानखुरी, आवाज बसलेला.

"ताई, ते म्हणायचे, तेलवाल्या ताई खोटं सांगत नाहीत. कंपनीवाल्यांवर माझा विश्वास नाही. तुम्ही सांगा. कधी गेले ते?"

मावशीसमोर नोंदवही होती. बारावी नोंद तिच्याच अक्षरात होती. साहेबांनी ती खोडली होती, तिने पुन्हा लिहिली होती.

मावशीने वही मिटली.

"मंगळवारी," ती म्हणाली. "लगेच. काही कळलंही नसेल त्यांना."

बायको बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"मी चार दिवस बोगद्यापाशी बसून होते," ती म्हणाली. "डोळ्याला डोळा लागला नव्हता. शनिवारी दुपारी माझा डोळा लागला. तिथेच, दगडाला टेकून. जागी झाले तेव्हा सगळे आत पळत होते. तेव्हापासून वाटतं, नेमकी तेव्हाच त्यांनी हाक मारली असेल, आणि मी झोपले होते." तिने वर पाहिलं. "पण मंगळवारीच गेले म्हणजे... शनिवारी ते नव्हतेच ना, ताई?"

"नव्हतेच," मावशी म्हणाली.

बायको तेव्हा पहिल्यांदा रडली. मावशीने तिला पाणी दिलं, रिक्षापर्यंत सोडलं. परत येऊन खुर्चीत बसली. त्या दिवशी तिने एकही बाटली उघडली नाही.

मी मावशीला विचारलं, खरं काय? डॉक्टरांचं की मीटरचं?

ती म्हणाली, "मला माहीत नाही."

मग भाजीचं ताट उचलून आत गेली. सिंकचा नळ सुटला. बराच वेळ वाहत राहिला.

मी बाहेर बसून होतो. तिच्याकडून काही चुकलं नाही, हे सांगायला उठायला हवं होतं. पण तेवढ्या खात्रीने मला बोलता येईना. अजूनही येत नाही.