मतदानानंतरचं स्पष्टीकरण

शनिवार पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात दोघांचे कागद एकमेकांत मिसळले.

"ही तुमची पानं," शेजारी उभा असलेला मुलगा म्हणाला. "वाचली मी. माफ करा."

"चोरून वाचणारे सहसा माफी मागत नाहीत," उल्का म्हणाली.

ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रकल्पाचा विषय होता, आक्रमक युद्धे आणि अलिप्त राष्ट्रांचे मतदान. त्या मुलाच्या हातातल्या पानावर दोन मार्च २०२२ ही तारीख होती. रशियाने युक्रेनवर केलेल्या हल्ल्याचा त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत निषेध झाला. एकशे एक्केचाळीस देश ठरावाच्या बाजूने, पाच विरोधात. भारतासह पस्तीस देश तटस्थ.

"त्या दिवशी मी खारकिवमध्ये होतो. मेडिकलला," तो म्हणाला. "म्हणजे... दुपारपर्यंत. मग सगळे चालत निघालो."

उल्काने पानं पिशवीत घातली. "चहा... घेणार?"

तो हसला. "अगदी तटस्थ प्रश्न. घेऊ."

त्याचं नाव सलिल. चहा होत राहिले, 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो तिची रोज उलटतपासणी घ्यायचा.

"दुसऱ्याच्या देशात सैन्य घुसवणं बेकायदा की नाही?"

"बेकायदाच. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत तसं लिहिलंय."

"मग मत द्यायला काय झालं होतं?"

उल्का समजावून सांगायची. तटस्थ राहणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. मतदानानंतर आपण असं का केलं, हे देशाला उठून सांगता येतं. भारताने सांगितलं... देशांच्या सीमांचा आदर व्हावा, हिंसा थांबावी, आमची मुलं सुखरूप निघावीत. "दोन्ही देशांशी बोलणं चालू ठेवलं, म्हणून तर तू इथे बसलायस."

"मी बसलोय. माझ्या घरमालकीण ओक्सानाकाकू अजून तिथल्या तळघरात झोपतात." मग तो हळूच विचारायचा, "हल्ला कुणी केला त्याचं नाव आहे का त्या स्पष्टीकरणात?"

नाव नव्हतं. उल्काने तेही प्रकल्पात लिहिलं.

पुढच्या ऑगस्टपर्यंत स्पष्ट झालं की इथलं कुठलंच मेडिकल कॉलेज त्याला मधल्या वर्षात सामावून घेणार नाही. सलिलने खारकिवला परत जायचं ठरवलं. चार दिवस पावसाची नुसती भुरभुर चालली होती. कपडे वाळत नव्हते, कुणाला बोलावंसं वाटत नव्हतं. त्याच्या आईने उल्काला घरी बोलावलं.

"तू नको म्हणालीस तर थांबेल तो," सलिलच्या आई म्हणाल्या. "सांग त्याला."

सलिल तिच्याकडेच पाहत होता. उल्काने बशीतला लाडू नुसताच फिरवला. "त्याचं शिक्षण आहे, काकू... त्यानेच ठरवावं."

काकू उठून आत गेल्या.

जिन्याखाली पोहोचल्यावर सलिल म्हणाला, "म्हणजे तटस्थ."

"सलिल..."

"रागावलो नाहीये. पण देशसुद्धा नंतर स्पष्टीकरण देतात."

"नको म्हटलं असतं तर तू थांबला असतास. आणि पुढे कधी, डॉक्टर व्हायचं राहून, औषधकंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराशी बसला असतास, तेव्हा माझी आठवण वाईट आली असती. आणि जा म्हटलं असतं, आणि तिथे काही झालं असतं तर... दोन्हीतून सुटायचं होतं मला. झालं."

"यात खरी गोष्ट कुठे आहे?"

तिने पागोळीखाली हात धरला.

"प्रेम आहे माझं तुझ्यावर," ती म्हणाली. "जाऊ नकोस."

"हे वर का नाही बोललीस?"

"घाबरले."

त्याने तिचा ओला हात हातात घेतला. "मी जाणार आहे, उल्का."

"माहितीये. आमसभेचा ठरावसुद्धा कुणावर बंधनकारक नसतो."

"मग मत कशाला द्यायचं?"

"ज्याच्यासाठी दिलं, त्याला कळावं म्हणून."

तो शुक्रवारी गेला. पोहोचल्यावर दोन ओळींचा निरोप आला... 'सायरन वाजतोय. तळघरात बसून वाचतोय.'

पुढच्या रविवारी उल्काने त्याच्या घराची बेल वाजवली. काकू दार अडवून उभ्या राहिल्या.

"मी त्याला जाऊ नको म्हणाले होते, काकू. तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं."

"ऐकलं का त्याने?"

"नाही."

काकू दारातून बाजूला झाल्या.

"ये आत," त्या म्हणाल्या. "माझंही नाही ऐकलं."