चौदसचं पिठलं

देवपुरातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका लताबाई सकाळीच येऊन बसल्या, तेव्हा अभिमनच्या मनात आलं, आज तरी नानांनी नाही म्हणावं. उन्हानं जीव नकोसा झाला होता. पण धुळ्यात खासगी तपासाची पाटी लावून बसलेले सुकदेवनाना नाही म्हणतील तर शपथ! आणि नाना निघाले की त्यांच्यामागं रखडायला हा मदतनीस आहेच.

प्रकरण डब्यांचं होतं. किराणा व्यापारी लालचंद शेठच्या पत्नी प्रेमकुंवरबाई दिवाळीपासून गरीब पोरांसाठी डबे पाठवत. भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी. स्वस्त आणि अंगी लागणारं. गेल्या आठवड्यात डबा खाऊन पोरांना उलट्या झाल्या. काल पुन्हा तेच. एकटी गेंदा तेवढी ठणठणीत होती, आणि ती नेमकी डबे भरणाऱ्या रुख्माबाईची पोर.

"विष घातलं म्हणून शेठ आज तिच्याविरुद्ध पोलिसांत जाणार आहेत," लताबाई म्हणाल्या. "एकटी बाई, कुठं जाईल ती? दोन्ही वेळा डब्यात पिठलं होतं. मला तर शेठच्या दुकानातल्या जुन्या बेसनाचाच संशय येतो."

तिघं शेठच्या घरी गेले. लालचंद शेठनं बेसनाचं नाव निघताच कपाळाला आठ्या घातल्या. त्याच बेसनाचं पिठलं काल घरात सगळ्यांनी खाल्लं होतं आणि कुणाला साधी ढेकरही आली नव्हती.

"पिठलं का? भाजी नव्हती?" नानांनी विचारलं.

"काल चौदस होती ना, नानाजी," प्रेमकुंवरबाई घुंघटातून म्हणाल्या. "आठम-चौदसला, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला, आम्हा जैनांत हिरवं शिजत नाही. ताकातलं पिठलं करतो."

मागच्या दारी कामावरून काढलेली रुख्माबाई शेवटचे डबे घासत होती. रडून डोळे सुजले होते, तरी हात वाळूनं खसाखसा चालूच होते. आतून-बाहेरून पिवळेधमक पितळी डबे बघून अभिमननं तोंड भरून कौतुक केलं. ती म्हणाली, प्रेमकुंवरबाईंचा हुकूमच होता. शाळेत सतरा जातींचे हात लागलेले डबे वाळूनं घासल्याशिवाय घरात घ्यायचे नाहीत.

ओट्याच्या कडेला एक जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, डबा वेगळा पालथा होता. तो गेंदाचा. वेगळा का, या प्रश्नावर ती पुढचा डबा घासू लागली. अभिमनला वाटलं, झालं, हिनंच काहीतरी घातलं. त्याला वाईटही वाटलं.

नानांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"विष कुणी घातलं नाही," नाना थकल्या आवाजात म्हणाले. "पातेल्यातलं पिठलं चांगलं होतं, ते घरानं खाल्लं. म्हणजे बिघडलं ते डब्यात. अभिमन, तू कौतुक केलंस ते डबे आतून कसे होते?"

"पिवळे."

"आतून कथलाची कल्हई असती तर पांढरे दिसले असते. दिवाळीपासून रोज वाळूनं घासून ती गेली. पालेभाजीनं काही बिघडलं नाही. पण आठमला आणि चौदसला डब्यात ताकातलं पिठलं गेलं. उघड्या पितळेत आंबट चार तास राहिलं की कळकतं, धातू त्यात उतरतो. त्याच दोन दिवशी पोरं ओकली."

"मग हिची पोर कशी वाचली?" शेठनं विचारलं.

"तिचा डबा जर्मनचा. त्याला पितळ नाही की कल्हई नाही. तो वेगळा का, ते तुम्हीच सांगा."

शेठनं बायकोकडं पाहिलं. आदिवासीच्या पोरीला घरचं भांडं द्यायचं नाही, हा नियम बाईंचाच होता. ज्या नियमानं पोरीला बाजूला काढलं होतं, त्याच नियमानं आज तिच्या आईवर आळ आणला होता. अभिमनला स्वतःच्या शंकेचीही लाज वाटली.

"डब्यांना आजच कल्हई करून घेते," प्रेमकुंवरबाई पुटपुटल्या. "रुख्मा, उद्यापासून ये कामावर."

रुख्माबाई जागची हलली नाही.

"कामवर येसू, बाई. पन ज्या बायास्नी माले नाव ठेवं, त्यास्ना मोरे सांगा."

शेठ म्हणाले, तिला नावं ठेवणाऱ्या आयांसमोर मुनीम जाऊन सांगेल. तिनं मान हलवून नाही म्हटलं; बाईंनीच सांगायला हवं होतं. शाळा सुटायची वेळ झाली होती. आया शाळेच्या फाटकाशी जमल्या असणार. प्रेमकुंवरबाई या गल्लीत कधी उघड्या तोंडानं चालल्या नव्हत्या. तरी त्यांनी वहाणा पायात सरकवल्या.

रुख्माबाई त्यांच्यामागोमाग फाटकाशी आली, तिथं बायका जमल्याच होत्या. प्रेमकुंवरबाईंनी घुंघट मागं सारला.

"पोरं माझ्या हुकमानं आजारी पडली," त्या म्हणाल्या. "रुख्माबाईंचा काही दोष नाही."

नावापुढं 'बाई' लावून कुणी आपल्याला म्हटलेलं रुख्मानं या गावात प्रथमच ऐकलं.