आजोबांच्या रक्तातली वर्दी

"आजोबांचं डोकं विसरतंय आणि तू सुई बोटाला टोचतोस? आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी!" अकरा वर्षांची केतकी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

समोर पेणच्या आरोग्य केंद्रातला यंत्रमानव होता. अंगाने चौकोनी, म्हणून सगळे त्याला ठोकळा म्हणत. बिचारा कधी रागवायचा नाही.

झालं होतं असं. केतकीचे आजोबा वामनराव म्हणजे गणपती घडवणारे नावाजलेले कारागीर. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक, म्हणून कुणी सांगितल्याशिवाय ते तसा घडवत नसत. आणि या आठवड्यात कुणी न सांगता ओळीने तीन मूर्ती उजव्या सोंडेच्या! वर "मला तसंच सांगितलं होतं" हा हट्ट. केतकीने त्यांना थेट इथे आणलं.

आजोबांना धास्ती वेगळीच. आखणी (मूर्तीचे डोळे रंगवण्याचं नाजूक काम) त्यांनी अजून कुणाच्या हाती दिली नव्हती. "मी विसरलो, तर ती माझ्याबरोबरच जाईल गं," ते म्हणाले.

ठोकळ्याने रक्ताचा थेंब आपल्या पोटातल्या खाचेत घेतला. "केतकी, तुमच्या कारखान्यात कचरा साचला तर काय होतं?"

"झाडणारे मामा आरडाओरडा करतात. पार रस्त्यापर्यंत ऐकू येतो!"

"मेंदूतही झाडणाऱ्या पेशी असतात. रोगांशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीच्याच त्या शिपाई. तिथे नको ती प्रथिनं साचली, की त्या वर्दी देतात. मग बाकीचे शिपाईही जागे होतात आणि त्या गडबडीच्या खुणा रक्तात उमटतात. त्यांना म्हणायचं दर्शक (आतलं बाहेर दाखवणारे पदार्थ). विसरणं सुरू व्हायच्या कितीतरी आधीसुद्धा ते दिसू शकतात."

"म्हणजे रस्त्यावर उभं राहून आतला कचरा ओळखायचा!"

"शाब्बास! पण मामा दुसऱ्या कशावरूनही ओरडत असतील ना? साध्या तापातही काही दर्शक वाढतात. म्हणून मी एकावर विसंबत नाही, पुष्कळ दर्शक एकत्र बघतो."

ठोकळ्याच्या छातीवर आकडे उजळले. आजोबांनी केतकीचा हात घट्ट धरला.

"स्मृतिभ्रंशाची (हळूहळू आठवण जाण्याच्या आजाराची) सुरुवात दिसते," ठोकळा हळू आवाजात म्हणाला. "पण वेग मंद आहे. डॉक्टरताई मेंदूचं चित्र काढून खात्री करतील. लवकर औषध मिळालं, तर हातात बरीच चांगली वर्षं आहेत असा अंदाज. अंदाज हं, भविष्य नव्हे."

केतकीला रडूच फुटलं. आजोबा मात्र मान डोलावत उठले.

घरी येताच त्यांनी डोळे सोडून बाकी रंगवलेली एक मूर्ती पुढ्यात ओढली आणि बारीक कुंचला केतकीच्या हातात दिला.

"मी? आजोबा, डोळा बिघडला तर?"

"बिघडू दे की! सावरायचा कसा, तेही शिकवतो. आज मला सगळं आठवतंय."