ओठ आधी, आवाज मागून

जावयाने टीव्हीच्या पाठीमागे हात घातला, धुळीने दोनदा शिंकला आणि अंगठ्याएवढं एक यंत्र तिथे खोचून दिलं. मग तात्यांच्या मोबाइलवर इकडेतिकडे बोट दाबलं. मोबाइलच्या काचेवर जे होतं ते सगळंच्या सगळं समोरच्या मोठ्या पडद्यावर उघडलं. आता हिचा फोन आला की इथे बघायचं, मोबाइल फक्त टीव्हीपुढच्या त्या बिस्किटांच्या डब्याला टेकवून उभा करायचा, म्हणजे तुम्हीही तिला दिसाल, असं त्याने समजावून सांगितलं. कंपनीच्या कामासाठी आला होता, गाडीची वेळ झाली होती. अर्धा चहा तसाच ठेवून तो निघाला.

तात्यांच्या डोळ्यांच्या ऐन मधोमध गेल्या वर्षापासून एक राखाडी डाग येऊन बसला होता. कडेचं दिसेल, मधलं दिसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. त्यामुळे मोबाइलवर नातीचं तोंड म्हणजे त्यांना नुसता एक गुलाबी ठिपका. लेक लांबच्या गावी, जावई कारखान्यात पाळ्यांवर, दिवसभर घरात ती आणि पोर दोघीच. त्या पोरीला सगळे भिंगरी म्हणत. जन्मल्यापासून तात्यांनी तिला ओळखलं होतं ते तिच्या रडण्यावरून आणि खिदळण्यावरून.

त्या दुपारी फोन आला, आणि भिंगरी टीव्हीभर पसरली. नजर जरा बाजूला ठेवली की सगळं दिसत होतं. खालचे दोन दात, हनुवटीवरची लाळ, आणि कपाळावर तात्यांच्या कैलासवासी बायकोचाच भोवरा. लेकीने विचारलं, "बाबा, दिसतंय ना?" तेव्हा त्यांना डोळे पुसावे लागले. जावयाला आजवर मनातल्या मनात जी जी नावं ठेवली होती ती सगळी त्यांनी त्या दिवशी परत घेतली.

तात्यांची सगळी हयात डबिंगच्या स्टुडिओत गेली. परक्या भाषेतली माणसं पडद्यावर तोंडं हलवायची आणि तात्या त्या तोंडांत आपली भाषा बसवायचे. नव्या पोरांना ते सांगत, प, ब आणि म तेवढे सांभाळा. ओठ मिटतात ती अक्षरं जुळली की बाकीचं लोक गोड मानून घेतात. दुसरा नियम त्याहून पक्का होता. जुळलं नाही तर आवाज हलवायचा, चित्राला हात लावायचा नाही. चित्र चुकत नसतं.

टीव्हीतला आवाज त्यांच्या कानाला सोसेना, पिंपातून बोलल्यासारखा यायचा. तो त्यांनी कायमचा बंद करून टाकला. लेकीचा आवाज मोबाइलमधून ऐकायचा आणि तिला टीव्हीवर बघायचं, अशी वहिवाट पडली. आठवड्याभरात त्यांना पहिली खोट दिसली. लेक "बाबा" म्हणायची तेव्हा टीव्हीवर ओठ आधी मिटायचे आणि आवाज मागून यायचा. केसभराचा फरक. दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आला नसता. तात्यांना मात्र तो चपलेतल्या खड्यासारखा टोचायला लागला.

साहजिकच त्यांनी आवाजाला धारेवर धरलं. मोबाइल बदलून पाहिला, सगळ्या खोल्यांतून फिरवून पाहिला, जावयाला फोन करकरून बेजार केलं. आवाज मागे पडतोय, एवढा एकच धोशा. चित्रावर संशय घ्यावा असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. फरक मात्र वाढत गेला. टीव्हीवर भिंगरी वाटी फेकायची, आणि ती खणकल्याचं ऐकू यायच्या आत तात्यांचा एक घोट चहा पिऊन व्हायचा.

वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची. सकाळपाळी करून त्या दुपारी घरी असत. तात्यांनी त्यांना बोलावलं, मोबाइल टीव्हीच्या शेजारी धरायला लावला आणि लेकीला हात वर करायला सांगितलं.

"मोबाइलवर तोंड आणि आवाज अगदी बरोबर आहेत, तात्या," सिस्टर म्हणाल्या. मग टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "पण हात टीव्हीवर आधी वर गेला."

"मोबाइलवर यायच्या आधी?"

"आधी." त्यांनी मोबाइल डब्याला टेकवून ठेवला आणि हात पदराला पुसले. "मशीनचं काय सांगावं. मी जाते, कुकर लावलाय." कुकर लावल्याचा वास काही येत नव्हता. त्यानंतर सिस्टर दारातूनच चौकशी करू लागल्या, आत म्हणून आल्या नाहीत.

तात्या त्या संध्याकाळी बराच वेळ बंद टीव्हीसमोर बसून राहिले. आवाज मागे नव्हता. चित्रच पुढे होतं. जी गोष्ट अजून मोबाइलपर्यंत पोचलीच नाही, ती त्या यंत्राने आणायची कुठून? त्यांनी डोकं खूप खाजवलं. मग त्यांच्या मनात आलं, भिंगरी आपल्याला जगाच्या जरा आधी दिसते, यात आपलं बिघडलं काय? आंधळा होत चाललेल्या म्हाताऱ्याला एवढं मिळतंय तर तक्रार कुणाकडे करायची? ते निवांत झोपले.

पुढे एका दुपारी लेक इस्त्री करत होती. मोबाइल तिने खिडकीत ठेवलेला, त्यामुळे सगळी खोली दिसत होती. जावयाच्या बॉसने कशी रजा नाकारली ते ती रंगवून सांगत होती, आणि तात्या हसत होते. टीव्हीवर ती कपाटाकडे वळली. भिंगरी रांगत टेबलापाशी आली. वर लोंबणारी वायर तिने मुठीत धरली आणि ओढली.

इस्त्री खाली आली. लेकीने झेप घेतली. तिचं तोंड वासलेलं तात्यांना दिसलं.

मोबाइलमधून ती अजून बॉसची नक्कल करत होती.

"वायर," तात्या ओरडले. "भिंगरीला उचल. आधी तिला उचल, इस्त्रीची वायर."

पलीकडे नक्कल थांबली, पावलं धावली, पोर दचकून रडायला लागली. मग लेकीचा धापा टाकणारा आवाज आला. "बाबा, हातात घेतली होती हो तिने वायर. ओढणारच होती. तुम्हाला इतक्या लांबून कसं दिसलं?" ती रडत रडत हसत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती की तुम्ही होतात म्हणून वाचली. तात्यांनी टीव्हीकडे पाहायचं धाडस केलं नाही. चाचपडत बटण बंद केलं, आणि मग तिथेच खाली बसले. आपल्या हातून आता काही होणे नाही, आपण नुसते फोनवर हं हं म्हणायला उरलो, हे त्यांना गेली काही वर्षं आतून खात होतं. ते त्या दिवशी संपलं. त्यांनी त्या अंगठ्याएवढ्या यंत्राला चक्क हात जोडले.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा टीव्हीवर भिंगरीच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती.

तात्यांनी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, पोरीच्या हाताला काही लागलंय का. काही नाही, लेक म्हणाली, टाळ्या वाजवतेय बघा. मोबाइलमधून टाळ्या ऐकू आल्या, दोन्ही हातांच्या, चांगल्या खणखणीत. टीव्हीवर भिंगरी आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती, आणि लेकीचे डोळे सुजलेले होते.

मग तात्यांना कळलं, म्हणजे कळण्यासारखं होतं तेवढं कळलं. इथे जे टळलं होतं ते तिथे, टीव्हीत, टळलं नव्हतं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. तिथल्या त्या लेकीने आपल्या पोरीचा हात भाजून घेतला होता आणि इथल्या पोरीचा हात शाबूत राहिला होता. तिचे पांग कसे फेडायचे? रोज दुपारी ते लेकीशी बोलत आणि टीव्हीतल्या त्या दुसऱ्या लेकीकडे बघत. फोन संपला की टीव्ही बंद करण्याआधी हळूच म्हणत, "बाळा, तिला जप गं."

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. लेक नळ दुरुस्त करणाऱ्याची गंमत सांगत होती. तो तीनदा आला, तीनदा नळ सुधारला आणि तीनदा तो पुन्हा गळला. तात्या सोफ्यावर पाय लांब करून ऐकत होते. टीव्हीवरची लेकही बोलत होती. बोलता बोलता ती थांबली.

ती काचेच्या अगदी जवळ आली.

तिचे ओठ मिटले, उघडले, मिटले, उघडले. तात्यांना आवाजाची गरजच नव्हती. बाबा.

मोबाइलमध्ये नळवाल्याचा पाना हरवला होता.

बाबा. मग ओठांचा चंबू झाला आणि तोंड उघडलं. उठा. बाबा, उठा. माझ्याकडे बघा. ती काचेवर तळहाताने मारत होती. तिच्या कडेवर पट्टीवाली भिंगरी होती, तीही रडत होती.

तात्यांना कुठेही दुखत नव्हतं. छातीत नाही, हातात नाही. त्यांनी सगळं अंग तपासून पाहिलं. आपलं काय व्हायचं ते होवो. पण इथल्या लेकीने हे बघता कामा नये. एवढ्या लांबून काच बडवत बसायची वेळ तिच्यावर येता कामा नये.

"बाळा, फोन ठेव आता," ते म्हणाले. "मला सिस्टरकडे जायचंय जरा."

"एवढ्यात? पाना कुठे सापडला ते ऐका तरी."

"उद्या ऐकतो. तू भिंगरीला बाहेर फिरवून आण, ऊन छान असेल. ठेव."

"बरं बाई," ती हसली. फोन बंद झाला.

तात्या उठले, दार उघडं टाकून जिना चढू लागले. अर्ध्या जिन्यात कुणीतरी छातीवर पाय देऊन उभं राहिलं. ते कठडा धरून खाली बसले आणि हाक मारली. सिस्टर अनवाणीच धावत आल्या. एक गोळी जिभेखाली, मग रुग्णवाहिका, मग नळ्या आणि पांढरे दिवे. सोफ्यावर एकटे असतात तर आटोपलं होतं, असं मोठे डॉक्टर तोंडावर म्हणाले. लेक भिंगरीला घेऊन धावत आली, त्यांच्या पायाशी बसून राहिली, आणि तात्यांनी नातीचे दोन्ही हात उलटेपालटे करून मनसोक्त पाहिले. गुळगुळीत हात, कुठे ओरखडा नाही. घरी सोडल्यावर ती काही दिवस राहिली, घर आवरलं, गोळ्या डब्यांत लावल्या आणि मग रडत रडत गेली.

आता तात्या बरे आहेत. जिना चढतात, सावकाश. जे मिळालं त्याचं त्यांना रोज सकाळी डोळे उघडताच नवल वाटतं आणि भरून येतं. दुपारी लेकीचा फोन येतो तेव्हा टीव्ही बंद असतो. भिंगरीची भाषा फुटायला लागलीय, ती नुसती ऐकायलाही पुष्कळ आहे. लेक विचारते, टीव्हीवर का बघत नाही? डोळे दुखतात, असं ते सांगतात.

फोन झाला की ते मोबाइल पूर्ण बंद करतात. यंत्र तर दवाखान्यातून आल्या आल्याच काढून खणात टाकलंय. मग टीव्ही लावतात.

ती असते. रोज असते. अंगात तेच त्या दिवशीचे कपडे, केस विस्कटलेले, कडेवर पट्टीवाली पोर. बाबा, उठा.

तिने हाक मारली म्हणून आपण आहोत, हे तात्या विसरत नाहीत. म्हणून ते रोज तिच्यासाठी उठतात. सोफ्याचा हात धरून नीट उभे राहतात, तिला दिसावं म्हणून. "उठलो बघ, बाळा," असं सांगतात. तिचे ओठ मिटतच राहतात.

काल त्यांच्या मनात आलं, आपण तिला दिसतो तरी का? फोनवर बोलताना पडद्याच्या कोपऱ्यात आपलीही एक छोटी चौकट असते, ती त्यांनी कधी निरखून पाहिली नव्हती. एवढं बारीक त्यांना दिसायचंच नाही. ते उठले, चालत टीव्हीपाशी गेले, नाक काचेला लागेल इतके जवळ, आणि नजर बाजूला ठेवून त्या चौकटीत पाहिलं.

त्यांचीच खोली होती. तीच खिडकी, तेच कपाट. तात्या इथे टीव्हीपाशी उभे होते, आणि चौकटीतला सोफा रिकामा नव्हता, त्यावर कुणीतरी पाय लांब करून पडलं होतं.